तीन फेजचे यंत्र, एका फेजचे घर

बिडाचे टेबल असलेला जुना रंधा किंवा बँडसॉ आजच्या हलक्या पत्र्याच्या यंत्रापेक्षा चांगला का, हे दोन्हींवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जड यंत्र थरथरत नाही, म्हणून फळीवर लाटा उमटत नाहीत. त्याचे टेबल वर्षानुवर्षे सपाट राहते. बेअरिंगे कोणत्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात आणि पट्टा बदलायला कंपनीचा माणूस लागत नाही. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांतून अशी यंत्रे आता बाहेर पडत आहेत. ओतकामासाठी लाकडी साचे करणारी पॅटर्न शॉप, पॅकिंगच्या पेट्या करणारे कारखाने, सागवानी फर्निचरचे जुने कारखाने यांपैकी काही बंद झाले, काही सीएनसी आणि पॅनल सॉकडे वळले. त्यांची जुनी यंत्रे भोसरी-चिंचवडच्या भंगारवाल्यांकडे वजनावर पडून असतात. टेम्पोत घालून ती मावळात आणणे अवघड नाही. चेन पुली, चार पहारी आणि दोन जाणती माणसे असली की यंत्र घराच्या मागच्या शेडमध्ये उभेही राहते.

अडचण त्यानंतर सुरू होते. यंत्राच्या मोटारीतून तीन वायरी बाहेर येतात आणि घराच्या मीटरमधून एक फेज आणि एक न्यूट्रल. इथे पोचलेली माणसे बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतात. कोणी ती मोटार तांब्याच्या भावाने विकतो आणि मिळेल ती सिंगल फेज मोटार बसवतो. कोणी पंपाच्या दुकानातून अंदाजाने कंडेन्सर आणून जोडतो आणि मोटार तापून वास येईपर्यंत वापरतो. कोणी यंत्रावर प्लास्टिकचा कागद टाकून पुढच्या वर्षाची वाट पाहतो. चांगल्या यंत्राचे असे हाल होऊ नयेत म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: वीज कशी आणायची हे ठरवण्याआधी मोटार वाचायला शिका. मोटार वाचली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि उरलेल्या प्रश्नांसाठी नेमके काय विकत घ्यायचे ते कळते.

पुस्तकातली उदाहरणे भाजे आणि त्याच्या आसपासच्या गावांतल्या परिस्थितीवर बेतलेली आहेत. मळवली स्टेशनवर उतरून लेण्यांकडे जाणारा रस्ता बहुतेकांना माहीत असतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथे कातळात चैत्यगृह कोरले गेले, ते लाकडी इमारत डोळ्यांसमोर ठेवून. अष्टकोनी खांब आत कललेले आहेत, कारण लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला ते तसे उभे करावे लागत. दगडात त्याची काही गरज नव्हती. दर्शनी भाग लाकडाचाच होता. तो गेला, पण त्याची कुसे बसवण्यासाठी केलेली भोके कातळात दिसतात. छताला लाकडी कमानी आहेत आणि त्यांतल्या काहींवर ब्राह्मी अक्षरे मिळाली आहेत. म्हणजे या गावात दोन हजार वर्षांपूर्वी कसबी सुतार काम करून गेले. त्या लेण्यांमुळे आज एक व्यवहाराचा मुद्दाही येतो. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. लेण्यांच्या पायथ्याशी शेड बांधण्याचा विचार असेल त्याने विजेच्या आधी याची चौकशी करावी.

विजेच्या बाबतीत हा मुलूख मागासलेला नव्हता. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवले, ते घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरवून खोपोलीला जनित्रे फिरवली आणि 1915 साली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. ही वीज तीन फेजची होती. त्याआधी गिरणीत वाफेचे एक मोठे इंजिन असे. छताखालून लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्रावर उतरत. सुतारशाळांतली करवत आणि रंध्याची यंत्रेही तशीच चालत. आजही भंगारात एखादे यंत्र असे मिळते की त्याला मोटारच नसते, फक्त सपाट पट्ट्याची रुंद पुली असते. असे यंत्र मिळाले तर ते सोडू नये. त्याला कोणती मोटार बसवायची हे सर्वस्वी आपल्या हातात असते आणि या पुस्तकातली निम्मी डोकेदुखी त्याच्या वाट्याला येत नाही.

तीन फेजची मोटार इतकी सर्वत्र का झाली, हे थोडक्यात सांगायला हवे. सिंगल फेजचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. त्याने तयार होणारे चुंबकत्व एकाच रेषेत कमी-जास्त होते, फिरत नाही. म्हणून सिंगल फेज मोटारीला सुरू होण्यासाठी वेगळे वाइंडिंग, कंडेन्सर आणि बहुधा सेंट्रिफ्युगल स्विच द्यावा लागतो. बिघडतात ते हेच भाग. तीन फेजमध्ये तीन प्रवाह एकमेकांच्या मागे ठरावीक अंतराने येतात. मोटारीत 120-120 अंशांवर बसवलेल्या तीन वाइंडिंगांतून ते गेले की चुंबकत्व स्वतःच गोल फिरू लागते. मधल्या रोटरला ना वायर लागते ना ब्रश. अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्यांचा पिंजरा पुरतो. डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन अभियंत्याने 1889 मध्ये जर्मनीत अशी पिंजऱ्याची मोटार बनवली. 1891 मध्ये लाउफेनहून 175 किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली आणि वाद मिटला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत या मोटारीच्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही. भंगारातल्या चाळीस वर्षांच्या मोटारीत बिघडण्यासारखे दोनच भाग असतात, बेअरिंग आणि वाइंडिंग. दोन्ही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतात.

लाकूडकामाच्या दृष्टीने आणखी एक फायदा आहे. सिंगल फेजमध्ये मोटारीला मिळणारी शक्ती सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते आणि पुन्हा चढते. तीन फेजमध्ये तिन्हींची बेरीज कायम सारखी राहते. रंध्याचे पाते फळीवर सतत सारख्या जोराने फिरते ते यामुळे. म्हणून यंत्राची मूळ मोटार शक्यतो काढू नये, हे माझे ठाम मत आहे.

आता गावातली वीज. भाज्यासारख्या गावात तीन फेज नाही असे नसते. डीपीपासून निघालेल्या तारा बहुतेक वस्त्यांवरून जातात, विहिरीवर आणि इंद्रायणीच्या काठी पंप असतात आणि त्यांना तीन फेजच लागतात. शेतीची तीन फेज ठरावीक तास येते, कधी दिवसा, कधी रात्री. तीनपैकी एक फेज नसताना कंडेन्सर लावून पंप फिरवण्याची युक्ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. कितीतरी मोटारी त्यात जळल्या, तरी ती युक्ती टिकून आहे, कारण उभ्या पिकाला पाणी द्यायचे असते. त्या अनुभवातून गावातल्या वायरमन मंडळींनी पुष्कळ शिकून ठेवले आहे. पण ते शहाणपण जसेच्या तसे रंध्यावर लावू नये. पंप एकदा सुरू झाला की तास-तास एकाच भाराने चालतो. रंध्यावर भार येतो आणि जातो. गाठीवर पाते अडले की क्षणात दुप्पट होतो. सतत बदलणाऱ्या भाराला अंदाजाचा कंडेन्सर पुरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून कार्यशाळा चालवणे बेकायदा आहे. ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुपटीने आकारणी होते. शेजारच्या शेतातून केबल ओढणारे लोक आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. शिवाय पंपाची वीज आपल्या कामाच्या वेळी असेलच असे नाही, आणि एक फेज गेल्याचे यंत्राला कळवणारी व्यवस्था तिथे नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोटारीच्या अंगावर एक पितळी किंवा अॅल्युमिनियमची पाटी असते. तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात. ते पातळ थिनरने, पत्री न वापरता, हळूहळू काढावेत. पाटीवर अश्वशक्ती किंवा किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि जोडणीचे चिन्ह असते. जोडणीचे चिन्ह सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक वाचत नाहीत. इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे स्टार, त्रिकोण म्हणजे डेल्टा.

आपल्याकडच्या तीन फेज मोटारी 415 व्होल्टसाठी बांधलेल्या असतात. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत प्रत्येक वाइंडिंगला 415 भागिले 1.73, म्हणजे सुमारे 240 व्होल्टच मिळतात. डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण 415 मिळतात. आता घरातल्या विजेचा विचार करा. तीही 230 ते 240 व्होल्टच आहे. म्हणजे 415 व्होल्टवर स्टारमध्ये चालणारी मोटार डेल्टामध्ये जोडली, तर तिची वाइंडिंगे घरगुती व्होल्टेजवर पूर्ण ताकदीने चालू शकतात. फक्त तीन फेज कोणी तरी तयार करून द्यायला हव्यात. उलट, 415 व्होल्टवर डेल्टामध्ये चालणारी मोटार 240 व्होल्टच्या तीन फेजवर लावली तर ती फिरेल खरी, पण तिचा जोर सुमारे एक तृतीयांश उरेल. फळी लागताच ती कण्हेल, प्रवाह वाढेल आणि वाइंडिंग जळेल.

भारतीय मोटारींत साधारणपणे 3 अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारी स्टारमध्ये असतात, 5 आणि त्यावरच्या डेल्टामध्ये. याला अपवाद भेटतात, म्हणून पाटी वाचायचीच. यंत्राला स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर पाटी न वाचताही उत्तर मिळते. ती मोटार डेल्टाचीच आहे, नाही तर तो स्टार्टर तिला लावताच आला नसता. घरच्या कार्यशाळेतली बहुतेक यंत्रे, बारा इंची बँडसॉ, लहान रंधा, लाकूड खरादायचा लेथ, 1 ते 3 अश्वशक्तीची असतात. म्हणजे बहुतेक वाचकांच्या नशिबी सोपी मोटार आहे.

टर्मिनल बॉक्स उघडला की आत सहा खिळे दिसतात आणि त्यांवर पितळी पट्ट्या. तीन खिळे एका ओळीत आडव्या पट्ट्यांनी बांधले असतील तर स्टार, वरच्या-खालच्या खिळ्यांना उभ्या पट्ट्या असतील तर डेल्टा. पट्ट्या बदलल्या की जोडणी बदलते. काम दहा मिनिटांचे आहे. काही जुन्या मोटारींतून मात्र तीनच वायरी बाहेर आलेल्या असतात, कारण स्टारची गाठ कारखान्यातच वाइंडिंगच्या आत मारून टाकलेली असते. ती गाठ शोधून, सोडवून, तिची तीन टोके बाहेर आणता येतात. पण वार्निशने कडक झालेल्या वाइंडिंगमध्ये हे काम नाजूक आहे आणि ते चांगल्या रिवाइंडिंगवाल्यानेच करावे. लोणावळा, कामशेत, तळेगाव इथे पंपांच्या मोटारी भरणारी दुकाने आहेत. त्यांना नेमके काय हवे ते सांगितले की ते करतात. सांगता यावे म्हणून या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आणि आकृत्या आहेत.

मोटार वाचून झाली की वीज देण्याचे मार्ग पाहायचे. सध्याच्या काळात 3 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रासाठी माझा कौल व्हीएफडीला आहे. बाजारात त्याला ड्राइव्ह म्हणतात. हे यंत्र घरातली सिंगल फेज घेते, ती आधी डीसी करते आणि मग त्यातून तीन फेज तयार करते. 230 व्होल्ट सिंगल फेज घेऊन 230 व्होल्ट तीन फेज देणारे ड्राइव्ह 3 अश्वशक्तीपर्यंत सहज मिळतात. मोटार स्टारमधून डेल्टामध्ये आणायची ती यासाठीच. पट्ट्या न बदलता ड्राइव्ह लावून मग मोटारीत दम नाही म्हणणारे पुष्कळ आहेत. डेल्टामध्ये आणल्यावर मोटारीचा प्रवाहही 1.73 पट होतो, म्हणून ड्राइव्ह आणि त्यातली ओव्हरलोडची मर्यादा 240 व्होल्टच्या प्रवाहाप्रमाणे ठरवायची. 2 अश्वशक्तीच्या मोटारीला घरच्या बाजूने पूर्ण भारावर साधारण 15 अँपिअर लागतील. घराची जुनी वायरिंग आणि दिवाणखान्यातला सॉकेट त्याला पुरणार नाही. मीटरपासून कार्यशाळेपर्यंत वेगळी केबल आणि वेगळा एमसीबी हवाच.

ड्राइव्हचा मोठा फायदा सुरुवातीला दिसतो. बँडसॉची जड चाके एकदम ओढताना मोटार पाच-सहापट प्रवाह घेते आणि घरातले दिवे मंद होतात. ड्राइव्हमध्ये सुरू होण्याचा वेळ आठ-दहा सेकंद ठेवला की ती ओढ नाहीशी होते. थांबण्याचा वेळही तसाच लांब ठेवावा, कारण जड चाके एकदम थांबवायला गेले की त्यांची ऊर्जा ड्राइव्हमध्ये उलट येते आणि तो बंद पडतो. वेग कमी-जास्त करता येतो म्हणून रंध्याचा किंवा स्पिंडलचा वेग 50 हर्ट्झच्या वर नेण्याचा मोह होईल. तो मोह टाळावा. पात्यांच्या दंडगोलावर निर्मात्याने दिलेली मर्यादा असते आणि ती ओलांडलेले पाते सुटून माणसाला लागते. वेग फार खाली नेणेही बरे नाही, कारण मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि संथ फिरताना मोटार थंड होत नाही.

एक चूक नवशिक्या वायरमनकडून हटकून होते. यंत्राचा जुना स्टार्टर तसाच ठेवून ड्राइव्ह त्याच्या अलीकडे जोडला जातो आणि हिरवे-लाल बटण दाबून यंत्र चालू-बंद केले जाते. चालू ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये संपर्क तोडला तर ड्राइव्हचे नुकसान होते. बटणे ड्राइव्हच्या नियंत्रण टर्मिनलांना जोडायची, मोटार थेट ड्राइव्हला. ड्राइव्ह बंद केल्यानंतरही त्याच्या कंडेन्सरांत काही मिनिटे जीवघेणा दाब असतो. त्याचे झाकण उघडण्याआधी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचे.

इतर मार्गांबद्दल इथे थोडक्यात. मोटार डेल्टाची आणि 5 अश्वशक्तीची असेल तर घरगुती व्होल्टेज आधी ट्रान्सफॉर्मरने 415 वर चढवून जवळपास दुप्पट क्षमतेचा 415 व्होल्टचा ड्राइव्ह लावता येतो, किंवा मोटार 240 व्होल्टच्या डेल्टासाठी पुन्हा भरून घेता येते. रोटरी कन्व्हर्टर म्हणजे कार्यशाळेच्या कोपऱ्यात भाराशिवाय फिरत राहणारी एक तीन फेज मोटार. ती सिंगल फेजवर कंडेन्सरच्या मदतीने फिरते आणि तिसरी फेज स्वतः निर्माण करते. ती सर्वांत मोठ्या यंत्राच्या मोटारीपेक्षा किमान दीडपट मोठी हवी. एकाच वेळी दोन-तीन यंत्रे वापरणाऱ्याला आणि जुन्या स्टार्टरसह यंत्र तसेच ठेवू इच्छिणाऱ्याला हा मार्ग सोयीचा आहे. मात्र ती सतत आवाज करते आणि वीज खाते. नुसता कंडेन्सर जोडून 230 व्होल्टच्या डेल्टा मोटारीला फिरवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. प्रत्येक किलोवॅटला सुमारे 70 मायक्रोफॅरड हा त्याचा ठोकताळा आहे, आणि मोटारीकडून तिच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशच अपेक्षा धरायची. ग्राइंडर, ड्रिल किंवा लेथसारख्या हलक्या कामाला तो चालेल. रंध्याला तो लावू नये.

आणि सर्वांत सरळ मार्ग, महावितरणकडे तीन फेजची जोडणी मागणे. घराला तीन फेजचे मीटर घेता येते. मंजूर भार वाढवावा लागतो, कोटेशन भरावे लागते, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. डीपी जवळ असेल तर खर्च बेताचा होतो. खांब घालावे लागले तर तो यंत्रांच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. कार्यशाळेतून विक्री करणार असाल तर घरगुती दर लागू होईल का, हे अर्जापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. तीनपेक्षा जास्त यंत्रे आणि एखादी 5 अश्वशक्तीची मोटार असेल, तर मी ड्राइव्हवर पैसे घालण्याआधी हा अर्ज करीन. यंत्र ज्या विजेसाठी बनले ती वीज त्याला मिळाली की पट्ट्या बदलाव्या लागत नाहीत, मोटार भरावी लागत नाही आणि पुढच्या पिढीतल्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नाही. ओंडके चिरायचा बेत असेल तर मात्र विजेपेक्षा आधी वनखात्याकडे जावे लागेल. गोल लाकूड चिरणाऱ्या गिरणीला परवाना लागतो, ती घराच्या मागे असली तरी.

तीन फेज घेतली तरी एक धोका राहतोच. वादळात तार तुटली किंवा डीपीचा एक फ्यूज उडाला की एक फेज जाते. चालू मोटार दोन फेजवर फिरत राहते, तिचा प्रवाह जवळपास 1.73 पट होतो आणि काही मिनिटांत ती जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरला लावलेला असेल तर ती वाचते. भंगारातून आलेल्या यंत्रांच्या स्टार्टरमध्ये हा रिले बहुधा चुकीचा असतो, कारण कोणी तरी वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर स्वस्त आहे, तोही बसवावा. स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल चालू हवी. वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. वीज गेल्यावर पात्याखाली अडकलेली ढलपी काढायला हात घातलेला माणूस कल्पनेत आणा, म्हणजे यावर जास्त लिहावे लागणार नाही.

मावळातल्या पावसाचा वेगळा विचार करावा लागतो. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओली असते. शेडमध्ये पडून असलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरते. अशी मोटार थेट चालू करू नये. आधी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध मोजावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी आला तर मोटार उघडून, आत दिवा लावून, दोन-तीन दिवस वाळवावी आणि पुन्हा मोजावी. तिन्ही वाइंडिंगांचा आपसातला रोधही सारखा यायला हवा. हे मोजमाप यंत्र खरेदी करतानाच करावे. मेगर आणि टाँग टेस्टर असलेला ओळखीचा वायरमन सोबत नेला तर भंगारवाल्याचा शब्द ग्राह्य धरावा लागत नाही.

अर्थिंगचाही मोठा प्रश्न आहे. इथे वितभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि पाइप पुरून केलेले अर्थिंग कागदावरच उरते. म्हणून पाइप जमेल तितका खोल, ओलाव्याच्या जागी, मीठ-कोळशासह घालावा, त्यात पाणी ओतायची सोय ठेवावी आणि त्याचा रोध मे महिन्यात मोजावा. तीन फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ वायरी हव्यात, असा नियमच आहे. ड्राइव्ह वापरत असाल तर त्याच्याशी जुळणारा आरसीसीबी घ्यावा, नाही तर तो कारण नसताना पडत राहतो. मग वैतागून कोणी तरी तो काढून टाकतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला वाचवणारे शेवटचे साधन जाते.

सुतारकाम करणाऱ्या कितीतरी माणसांना विजेची भीती वाटते आणि विजेचे काम करणाऱ्यांना करवतीची. या पुस्तकात दोघांची गाठ घालण्याचा प्रयत्न आहे. पहिली चार प्रकरणे मोटारीवर आहेत, पाचवे ड्राइव्हवर, सहावे रोटरी कन्व्हर्टरवर, सातवे महावितरणच्या जोडणीवर आणि शेवटची दोन संरक्षण व अर्थिंगवर. 240 आणि 415 व्होल्टच्या सर्व जोडण्या परवानाधारक माणसाकडून करून घ्याव्यात, हे प्रत्येक प्रकरणात पुन्हा सांगितले आहे. वाचकाने स्वतः करायचे ते पाहणे, मोजणे आणि योग्य प्रश्न विचारणे. पट्टा किंवा पाते चढवण्याआधी मोटार नुसती फिरवून दिशा बघावी. उलट फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की ती सरळ होते. ड्राइव्ह असेल तर ही अदलाबदल त्याच्या आणि मोटारीच्या मधल्या वायरींत करायची, आणि तीही वीज तोडून, वर सांगितलेला वेळ थांबून. उलट फिरणाऱ्या गोल करवतीचा नट सुटतो, म्हणून ही चाचणी पाते न चढवताच करायची.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एवढे करावे: यंत्राच्या मोटारीवरची पाटी स्वच्छ करून अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि जोडणीची खूण एका कागदावर लिहून घ्यावी, टर्मिनल बॉक्सचा फोटो काढावा आणि घराच्या वीजबिलावरचा मंजूर भार त्याच कागदावर नोंदवावा. पुढची सगळी प्रकरणे तो कागद समोर ठेवून वाचायची आहेत.